एकशे चाळीस पावलांवरचं हॉटेल

चौऱ्याहत्तर वर्षांचा होईपर्यंत तेओदुलो एकदाही हॉटेलात झोपला नव्हता, आणि या गोष्टीचा त्याला पदक मिळाल्यासारखा अभिमान होता. "चांगल्या घरचा माणूस आपल्या अंथरुणावर झोपतो," असं तो म्हणायचा. लष्करातले पंधरा महिने सोडले तर विल्यार्मेन्ता या आपल्या गावाच्या बाहेर त्याने रात्र काढलेली नव्हती. त्या पंधरा महिन्यांबद्दलही तो असा बोलायचा, जणू सरकारने त्याला पळवून नेलं होतं आणि मग कंटाळून परत आणून सोडलं.

त्याला तरी दोष कसा द्यायचा? गावच्या चौकात मार्किसचा, म्हणजे इथल्या सरदाराचा, जुना महाल आहे, वीस वर्षांपूर्वी त्याचं हॉटेल झालं. गावाने तिथे काम करायचं, भाजी पोचवायची, वाइन पोचवायची, लग्नाचं जेवण जेवायचं. राहायचं मात्र परक्यांनी. गावचा माणूस हॉटेलात राहिला तर त्याचा अर्थ एकच, बायकोने घराबाहेर काढला. सात वर्षांपूर्वी न्हाव्याच्या बायकोने त्याला असंच काढलं होतं. बिचारा दोन रात्री तिथे राहिला, आणि अजूनही त्याच्याकडे केस कापायला बसलेला माणूस "खोली कशी होती रे?" असं विचारल्याशिवाय खुर्चीवरून उठत नाही.

म्हणून नोव्हेंबरात मुलीने, आरांचाने, लोग्रोन्यो शहरातून येऊन आईबापाच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचं पाकीट टेबलावर ठेवलं, तेव्हा तेओदुलोच्या तोंडचं पाणी पळालं. पाकिटात त्या हॉटेलातल्या दोन रात्री होत्या. शिवाय रात्रीचं जेवण, आणि चेहऱ्याला द्राक्षाच्या चोथ्याचा लेप.

"चोथ्याचा?" तेओदुलो म्हणाला. "चोथा आपण ट्रॅक्टरने नेऊन टाकतो! तो तोंडाला फासायचा?"

"पापा, त्याने त्वचा तरुण होते."

"मग आमचा ट्रॅक्टर अजून कुकुलं बाळ असायला हवा. आणि हे हॉटेल आपल्या दारापासून एकशे चाळीस पावलं आहे. मी मोजलीत. रात्री लघवीला उठलो तरी घरी जाऊन येईन."

कासिल्दा, त्याची बायको, भांडी पुसत होती. तिने फडकं खाली ठेवलं. बायको फडकं खाली ठेवते तेव्हा नवऱ्याने गप्प बसावं, एवढं तेओदुलोला पन्नास वर्षांत कळलेलं होतं.

"अठरा वर्षं मी तिथल्या चादरींना इस्त्री केली," ती म्हणाली. "कुठल्या चादरीला कुठल्या कोपऱ्यात रफू आहे ते मला डोळे मिटून सांगता येईल. एकदा त्यांच्यावर पाठ टेकून बघायची आहे. मी जाणार. तू आलास तर आनंद आहे. नाही आलास तर तुझ्या त्या दोस्ताच्या, सोतेरोच्या बायकोला घेऊन जाईन."

तेओदुलोला आणखीही एक गोष्ट आठवली, आणि ती न आठवती तर बरं झालं असतं. त्यांचं लग्न नोव्हेंबरातलंच. द्राक्षं उतरवल्याशिवाय इथे कोणी बोहल्यावर चढत नाही. लग्नानंतर सान सेबास्तियानला जाऊन समुद्र बघायचा असं ठरलं होतं. पण सोमवारी वाइन एका टाक्यातून दुसऱ्यात काढायची होती. "पुढच्या वर्षी जाऊ," तो म्हणाला. पुढच्या वर्षी आरांचा पोटात होती. त्याच्या पुढच्या वर्षी गारा पडल्या. मग तेओदुलोची आई अंथरुणाला खिळली, मग नवं तळघर खोदायला काढलं. समुद्र काही जागचा हलला नाही, आणि तेओदुलोही नाही. कासिल्दाने त्यावरून कधी टोमणा मारला नव्हता, हेच जास्त अवघड होतं.

"येतो," तो म्हणाला. "पण कुणाला कळता कामा नये."

"म्हणजे मला लपवून नेणार?"

"तुला नाही. मला."

"एकच झालं," कासिल्दा म्हणाली आणि पुन्हा भांडी पुसायला लागली.

आता हे 'कुणाला' म्हणजे कोण? तर चौघं जण. तेओदुलो धरून पाच जणांची ही टोळी शाळेच्या एकाच बाकावरून सुरू झालेली. दुपारी एक वाजता आणि संध्याकाळी साडेसातला ती गावातल्या चारही बारमधून फिरते, प्रत्येक ठिकाणी उभ्या उभ्या एकेक छोटा पेला घेते, आणि जेवायला घरी जाते. यात खंड पडला तर दोनच कारणं असतात, मयत किंवा ऑपरेशन. टोळीचा एक कायदाही आहे. ज्याची गोष्ट त्याने सांगायची. एलादिओची बर्फात हरवलेल्या पाद्र्याची गोष्ट एलादिओच सांगणार, आणि मार्किसच्या कारभाऱ्याच्या गाढविणीची गोष्ट फक्त तेओदुलो, कारण ती प्रत्यक्ष त्याच्या आजोबांच्या टाक्यातली नवी वाइन प्यायली होती. मालक मेला तर गोष्ट थोरल्या मुलाकडे जाते. मालक गावाबाहेर असला तर कायदा जरा सैल पडतो, इतकंच.

तेओदुलोने टोळीला सांगितलं की लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही दोन दिवस लोग्रोन्योला आरांचाकडे जाणार. आणि थापेला पुरावा हवा म्हणून गुरुवारी सकाळी चौघांच्या देखत कासिल्दाला आणि बॅगेला घेऊन तो लोग्रोन्योच्या बसमध्ये चढला. सोतेरोने तर बॅग वर चढवून दिली. पुढच्या गावाला दोघं उतरली. तिथल्या थांब्यावर बसून त्यांनी आमलेट घातलेला पाव खाल्ला, आणि अडीच वाजायची वाट बघितली. दुपारी साडेतीनला विल्यार्मेन्तातलं कुत्रंसुद्धा झोपलेलं असतं. लपूनछपून काही करायचं तर तीच वेळ.

मग चार किलोमीटर द्राक्षमळ्यांतून परत. बॅगेची चाकं विमानतळाच्या फरशीसाठी केलेली, ती दुसऱ्याच ढेकळात रुसली. तेओदुलोने बॅग डोक्यावर घेतली. कासिल्दा मागून हातात चपला घेऊन चालत होती.

"पन्नास वर्षांपूर्वी समुद्र दाखवणार होतास," ती म्हणाली. "आज निदान ढेकळं तरी दाखवलीस."

"हळू बोल. हा एलादिओचा मळा आहे."

"वेली जाऊन सांगणार आहेत का त्याला?"

हॉटेलात ती दोघं भटारखान्याच्या दाराने शिरली. स्वागताला बसणारी नेरेआ धावत आली. "सेन्योरा कासिल्दा, पुढचं दार उघडं आहे हो! फुलं ठेवलीत तुमच्यासाठी!"

"फुलं इकडेच आण, पोरी," कासिल्दा म्हणाली. "आज आम्ही बटाट्यांच्या वाटेने आलोय."

खोली पहिल्या मजल्यावर, थेट चौकावर बाल्कनी असलेली. कासिल्दाने पहिली गोष्ट केली ती म्हणजे पलंगपोस उचलून चादरीची दुमड तपासली. "घडीवर घडी पडली आहे. नवी मुलगी आळशी आहे," ती म्हणाली, आणि मग त्याच चादरीवर, चपला काढून, हात पसरून आडवी झाली आणि छताकडे बघून हसली. तेओदुलो मात्र खुर्चीच्या काठावर टेकला. डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघत बसतात तसा. कपाटातल्या छोट्या फ्रिजमध्ये कुठल्या तरी मोठ्या कंपनीच्या वाइनची बाटली होती. तिच्याकडे त्याने पाठ केली आणि बॅगेतून आपल्या घरच्या वाइनची, पाण्याच्या बाटलीत भरून आणलेली, बाटली काढून खिडकीत ठेवली. एवढ्याने त्याला थोडं माणसांत आल्यासारखं वाटलं.

रात्रीचं जेवण खाली मोठ्या दालनात, झुंबराखाली होतं. कासिल्दाने त्यासाठी निळा पोशाख आणला होता. पण दालनाच्या खिडक्या चौकाकडे उघडतात आणि साडेसातनंतर टोळी चौकातच असते. तेओदुलोने जेवण खोलीत मागवलं. कासिल्दाने निळा पोशाख घातला, कानात मोती घातले, आणि पडदे ओढलेल्या खिडकीपाशी बसून जेवली. ताटात बटाटा आणि चोरिसो, म्हणजे मसालेदार सॉसेज, होतं म्हणे. प्रत्यक्षात एका चमच्यात बसेल एवढा लालसर फेस होता.

"हे कुणी आधी खाऊन गेलं का?" तेओदुलोने विचारलं.

एरवी कासिल्दा अशा बोलण्यावर पोट धरून हसली असती. त्या रात्री ती नुसती "हं" म्हणाली. तेओदुलोला तो "हं" चांगलाच लागला, पण करायचं काय हे त्याला कळेना. नांगर धरणाऱ्या माणसाला हेच अवघड जातं. मळ्यात चुकलं तर पुढच्या वर्षी छाटणी करता येते, इथे कात्री कुठे लावायची?

दुसऱ्या दिवशी दोघंही उशिरा उठली. कासिल्दा तासभर गरम पाण्यात डुंबत राहिली. तेओदुलो हॉटेलचा पांढरा जाड झगा घालून बघू म्हणाला, आणि मग तो काढायचं काही त्याच्या मनात येईना. पाय पसरून, झगा पोटावर आवळून तो लोळला. दुपारी पाऊणला लेपवाली मुलगी आली. तिने कासिल्दाच्या केसांना टॉवेल बांधला, कपाळापासून हनुवटीपर्यंत जांभळा चोथा थापला आणि बजावलं, "वीस मिनिटं बोलायचं नाही, हसायचं नाही. नाहीतर लेप तडकतो."

मुलगी गेली आणि चर्चच्या घड्याळाने एकाचा टोला दिला. तेओदुलोचा घसा त्या टोल्याबरोबर सुकला. सवय ती सवय. तो पडद्याच्या फटीतून बघायला गेला. चौकात चौघं जण पहिल्या बारकडे निघाले होते आणि मधोमध चालत सोतेरो हातवारे करत मोठ्याने सांगत होता, "...आणि कारभाऱ्याचं ते खेचर, प्यायलं ना, ते कारभाऱ्याला पाठीवर घेऊन थेट पंचायतीत—"

आयत्या बिळावर नागोबा! एक दिवस माणूस लोग्रोन्योला गेला नाही तोच! बरं, चोरायची तर चोर, पण नीट तरी चोर. चाळीस वर्षं ऐकलेली गोष्ट, आणि यात खेचर? तेओदुलो काय करतोय हे त्याचं त्यालाही कळायच्या आत बाल्कनीचं दार उघडलं होतं आणि तो कठड्यावर वाकून ओरडत होता.

"खेचर नव्हतं रे गाढवा, गाढवीण होती! आणि पंचायतीत नाही, चर्चमध्ये शिरली! पंचायतीत शिरली असती तर कुणाला फरक कळला असता?"

चौघांनी वर पाहिलं. वर तेओदुलो, पांढऱ्या झग्यात, उघड्या नडग्यांनी. आणि त्याच्यामागून आणखी एक पांढरा झगा आला. डोक्याला टॉवेल, तोंड जांभळं. त्या बाईने एक शब्द न बोलता त्याला बखोटीला धरलं आणि आत ओढून दार लावलं.

खालच्या चौघांनी सुतावरून स्वर्ग गाठायला अर्धं मिनिटही घेतलं नाही. कासिल्दाला बसमध्ये बसताना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणजे बायकोला मुलीकडे पोचवून हा उलट्या पावली परत आला होता. दोन मिनिटांत दार वाजलं. नेरेआ मागून "अहो, असं जाता येत नाही!" म्हणत होती, पण चौघं आत आलेसुद्धा.

कासिल्दा खुर्चीत बसली होती. लेपाची अजून दहा मिनिटं बाकी होती. एलादिओने तिला बघून टोपी काढली. "शुभ दुपार, बाई!" तो बहिऱ्याशी बोलावं तसा ओरडला. उत्तर आलं नाही. "जर्मन आहे," त्याने मागच्या दोघांना सांगितलं.

सोतेरो मात्र भडकला होता. "लाज वाटते का रे? उद्या पन्नास वर्षं होतील लग्नाला! कासिल्दासारखी बाई एब्रो नदीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडायची नाही. तुझी आई पाच वर्षं अंथरुणात होती, कुणी केलं तिचं? गारांच्या वर्षी दिवसा मळा आणि रात्री शिवण कुणी केलं? तू? तू बारमध्ये गाढवीण सांगत होतास!"

"सोतेरो, ऐक—"

"तू ऐक! जत्रेच्या नाचात तिला मी विचारणार होतो. मी! बुटाची नाडी सुटली म्हणून खाली वाकलो, तेवढ्यात तू पुढे गेलास. आज पन्नास वर्षं मी त्या नाडीला शिव्या देतोय."

सोतेरोला स्वतःलाच आपण काय बोललो ते ऐकून घाम फुटला. एलादिओने विषय बदलावा म्हणून हळूच विचारलं, "वय काय असेल रे हिचं?"

आणि इथे एक गोष्ट सांगायला हवी, तेओदुलोला ती सांगितलेली आवडणार नाही. मिनिटभर त्याला बरं वाटलं. शिव्या पडत होत्या खऱ्या, पण मागचे दोघं त्याच्याकडे ज्या नजरेने बघत होते, तसं लष्करातून आल्यापासून त्याच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी जर्मन बाई! हे निभावून नेता येईल. उद्या म्हणता येईल, झालं गेलं, कासिल्दाला सांगू नका. पण खरं सांगितलं तर? बस, ढेकळं, डोक्यावरची बॅग, भटारखान्याचं दार, आणि हे सगळं कशासाठी, तर स्वतःच्या बायकोबरोबर स्वतःच्या गावात लोळायला! न्हावी सुटेल, आणि मरेपर्यंत "खोली कशी होती?" हे त्याच्या वाट्याला येईल.

त्याने कासिल्दाकडे पाहिलं. जांभळ्या चोथ्यातून तिचे फक्त डोळे दिसत होते. ती रागावली असती तर त्याला चाललं असतं, त्या नजरेची सवय होती. ती वाट बघत होती. आपला नवरा आपल्याला ओळखतो म्हणेल की नाही, याची. तेओदुलोला फार लाज वाटली.

"जर्मन नाही," तो म्हणाला. "कासिल्दा आहे."

"आता तिचं नाव तरी यात ओढू नकोस!" सोतेरो ओरडला. "कासिल्दाला मी बसमध्ये बसवलं!"

"पुढच्या गावाला उतरलो. एलादिओच्या मळ्यातून चालत आलो."

"माझ्या मळ्यातून?" एलादिओ म्हणाला. "का पण?"

"तुम्ही हसाल म्हणून! म्हणाल, म्हातारा बायकोच्या मागे मागे हॉटेलात गेला. आता हसा. पोरीने दोन रात्री भेट दिल्या, आणि मी काल हिला पडदे ओढून जेवायला घातलं. चोरून आणलेल्या मालासारखं." तो सोतेरोकडे वळला. "आणि खरं ऐकायचंय? मला इथे आवडतंय. हिच्याबरोबर आवडतंय. आज सकाळी मला जाग आली तर ही शेजारी झोपलेली होती. पन्नास वर्षं मी डोळे उघडले की ही उठलेली असायची, चुलीपाशी, नाहीतर गोठ्यात, नाहीतर आईपाशी. मला बायको झोपलेली कशी दिसते तेच माहीत नव्हतं. गालाखाली हात घेऊन झोपते. उजवा."

कुणी हसलं नाही. मागच्या दोघांपैकी एकाने खिशातून रुमाल काढून उगाच नाक शिंकरलं.

तेवढ्यात खुर्चीतून करकर आवाज आला. जांभळा लेप आधी तोंडाच्या एका कोपऱ्यात तडकला, मग दुसऱ्या, मग डोळ्यांच्या कडांना, आणि त्याचे दोन तुकडे झग्यावर पडले.

"सोतेरो," लेपाच्या आतून कासिल्दा म्हणाली.

चौघंही दचकून एक पाऊल मागे सरकले. एलादिओने छातीवर क्रूसाची खूण केली.

"बुटाची नाडी खरंच सुटली होती?"

"हो, कासिल्दा," सोतेरो पुटपुटला. कान लालबुंद झाले होते.

"मग इतकी वर्षं त्या नाडीला उगाच शिव्या दिल्यास. मी नाहीच म्हणणार होते. तुला नाचता येत नाही." तिने दाराकडे बोट केलं. "आता निघा. मी अठरा वर्षं इस्त्री केली आहे आणि माझी एक रात्र अजून शिल्लक आहे."

चौघं एकमेकांना ढकलत बाहेर पडले. एलादिओ दारातून परत वळला, काही तरी विचारणार होता, कदाचित आपल्या मळ्यातल्या वेली तुडवल्या का तेच, पण सोतेरोने त्याला ओढून नेलं. नेरेआने दार लावून घेतलं.

कासिल्दा मांडीवर पडलेले चोथ्याचे तुकडे वेचायला लागली. तेओदुलोही वाकून वेचायला लागला.

"सकाळी," मान वर न करता तिने विचारलं, "किती वेळ बघत बसला होतास?"

"खाली नाश्ता बंद होईपर्यंत," तेओदुलो म्हणाला.